खिंडीजवळची खुरासणी

हरसूलपासून वर डोंगरात गेलं की करंजपाडा लागतो. तिथल्या मोतीराम भोयेचा शेतीतला शब्द सहसा खाली पडत नसे. भाताची लावणी कधी धरायची, नागलीच्या रोपाला ऊन सोसेल का, कोणत्या उतारावर वरई तगेल, हे विचारायला माणसं त्याच्या ओसरीवर येत. तो सुपारी कातरत, घाई न करता सांगे. शेवटी "बघा बुवा, मला वाटलं ते सांगितलं" एवढं म्हणे, पण ते वरवरचं. आपण सांगितलं ते बरोबरच असणार, अशी मनातून त्याची पक्की खात्री असे.

त्याचा खरा जीव होता खुरासणीवर, म्हणजे तेलाच्या कारळ्यांवर. तसं ते आळशाचं पीक. उतारावरच्या मुरमात बी फेकावं आणि विसरून जावं. दिवाळीच्या सुमाराला सगळा उतार पिवळाधमक होतो आणि मग फुलांच्या बोंडात काळे चकचकीत दाणे भरतात. पण या पिकाची एक खोड आहे. दाणा वाळला की तो बोंडात थांबत नाही. दोन दिवस कडक ऊन पडलं, वारा सुटला, की दाणे मातीत सांडतात आणि धन्याच्या हाती नुसत्या काड्या येतात. मोतीराम म्हणून दाणा वाळायच्या आतच, पहाटेच्या दवात कापणी करी. झाड ओलं असलं की दाणा धरून राहतो. तो कापायचा, त्याची बायको सुमनबाई मागून आपल्याच जुन्या लुगड्यात पेंढ्या गुंडाळायची, आणि ऊन वर यायच्या आत माल खळ्यावर पोचलेला असायचा. पाड्यावर सगळ्यांची मिळून जेवढी खुरासणी व्हायची, तिच्यात त्याचा वाटा सगळ्यात मोठा असे.

बी त्याच्या आईचं. दुधीच्या वाळक्या तुंब्यात राख मिसळून ती ते ठेवायची. आई गेल्यावर तुंबा मोतीरामकडे आला. त्याच्या कितीतरी आधी, धाकट्या बहिणीच्या, आक्काबाईच्या लग्नात, त्यातलंच शेरभर बी आईने तिच्या ओटीत घातलं होतं.

आक्काबाई दिली होती खिंडीपलीकडच्या खोऱ्यात. नवरा मंगळू भला माणूस, पण जमीन बेताची. भात कापायला म्हातारी सासू मागे राही आणि दसरा झाला की ही दोघं निफाडला द्राक्षबागेत कामाला जात. आधी छाटणी, मग घड विरळणं, मग घड औषधात बुडवणं. परत यायला डिसेंबर सरायचा. तोवर खुरासणी रानात उभी वाळत असे. आल्यावर ती दोघं विळे घेऊन भर दुपारी कापायला उतरत, आणि मोतीराम खिंडीतून ते बघून कपाळाला हात लावी.

"आक्का, अगं निम्मं रान मातीला आणि पाखरांना देतेस तू."

"मग काय करू दादा? बागायतदार सोडतोय व्हय लवकर?" ती हसून म्हणे. "जे हाय ते हाय. आमाला पुरतं."

संक्रांतीला तो तिला तेलाची एक बाटली पाठवी. बहिणीची कीव करण्यात त्याला एक गोडी होती. असं कुणी तोंडावर म्हटलं असतं तर तो चिडला असता. पण खिंडीतून तिचं ते काळवंडलेलं रान बघितलं की घरी परतताना त्याची चाल जरा ऐटीत होई, हे खरं.

एका डिसेंबरात मंजुषाताई पाड्यावर आल्या. वय तिशीच्या पुढे, राहायला नाशकात इंदिरानगरला, काम तेलबियांच्या एका संशोधन केंद्रात. डोंगरातल्या जुन्या खुरासणीचं बी गोळा करत त्या गावोगाव फिरत होत्या. पाड्यावर कोणीही त्यांना मोतीरामकडेच धाडलं असतं, आणि तसंच झालं. त्याने चहा पाजला, तुंबा खाली काढला, ताटात बी ओतून खडे-काड्या निवडल्या आणि टपोरं तेवढं पाकिटात भरून दिलं. ताईंनी पाकिटावर त्याचं नाव लिहिलं. ते लिहिताना तो वाकून बघत होता.

परतताना ताईंची जीप खिंडीतून खाली उतरली. दुपारचे दोन वाजले होते. रस्त्यालगत एक बाई आणि एक पुरुष उन्हात खुरासणी कापत होते. ताईंनी जीप थांबवली. एवढं वाळलेलं पीक, एवढं ऊन, आणि पेंढी आपटली तरी खाली फारसं काही सांडत नव्हतं. त्यांनी एक झाड हातात घेऊन झटकलं. मग दुसरं. मग खाली बसून माती चाचपली. हे सगळं मोतीरामला पुष्कळ नंतर कळलं. त्या दिवशी तो आपल्या ओसरीवर, पाकिटावरच्या आपल्या नावाच्या आनंदात होता.

तीन वर्षं गेली. मधे दोनदा ताई येऊन गेल्या, पण त्या थेट खोऱ्यात उतरत आणि तिथूनच परत जात. मग हरसूलला बाजाराच्या दिवशी कार्यक्रम ठेवला. मोतीरामलाही निरोप आला. त्याने धुतलेलं धोतर नेसलं, पांढरी टोपी घातली आणि वाटेत चार वाक्यं मनात जुळवली: बी आईचं, राखेत ठेवायचं, दव असताना कापायचं, आणि शेवटी राम राम.

सभागृहात तो दुसऱ्या रांगेत बसला. पुढे भाषणं झाली. मग माईकवरून नाव पुकारलं गेलं, "आक्काबाई मंगळू गावित!"

मागच्या खुर्च्यांतून आक्काबाई उठली. तिला काही कळत नव्हतं. पदर सावरत, चपला खुर्चीखालीच ठेवून ती अनवाणी पुढे गेली. तिला साडी दिली, नारळ दिला, तिचा फोटो काढला. मंजुषाताई म्हणाल्या, या मावशींच्या शेतात आम्हाला अशी खुरासणी सापडली की जिचा दाणा महिना महिना झाड सोडत नाही, अशी जात आम्ही आजवर पाहिली नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोतीरामनेही वाजवल्या. शेजारच्या भारत नावाच्या दुकानदाराने त्याला कोपरखळी मारली, "काय मोतीराम, बहिणीनं नाव काढलं की!"

"बी आमच्याच घरचं हाय," मोतीराम म्हणाला. "आईनं दिलेलं. तेच माझ्याकडं बी हाय."

कार्यक्रम संपल्यावर त्याने ताईंना गाठलं.

"ताई, माझ्या बियांचं काय झालं?"

"दादा, तुमचं बी सगळ्यात स्वच्छ होतं. उगवणही सगळ्यात चांगली. पण दाणा बाकीच्यांसारखाच गळतो."

"पण आईनं एकाच तुंब्यातलं दिलं आमा दोघांना."

"बरोबर आहे. म्हणूनच तर गंमत." त्यांना खरंच आनंद झाला होता, त्यामुळे आपण काय बोलतोय याचं त्यांना भान नव्हतं. "बघा, तुम्ही दरवर्षी वेळेवर कापता. दाणा गळणारं झाड असो की न गळणारं, सगळं एकदम तुमच्या खळ्यावर येतं. मावशी उशिरा कापतात. तोवर गळणारा दाणा गळून जातो. झाडावर राहतो तो फक्त धरून ठेवणारा. तेच बी पुढच्या वर्षी पेरलं जातं. तीस वर्षं हे चाललं. मावशींनी न कळत निवड केली. तुमचं काही चुकलं नाही दादा. तुम्ही सगळं नीट केलंत, म्हणून तर तुमच्याकडे हे झालं नाही."

मोतीराम मान हलवत राहिला. घरी आल्यावर सुमनबाईने विचारलं, "काय म्हणाल्या ताई?" तर म्हणाला, "काय नाय. शहरातल्यांचं काय खरं."

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. चुकलं असतं तर बरं होतं. चुकीला उपाय असतो. पण तीस वर्षं पहाटे थंडीत बोटं बधिर करून घेतली ती व्यर्थ, आणि निफाडच्या बागांत जाऊन बसलेली, उन्हात विळा फिरवणारी आक्का शहाणी! तिने काय केलं होतं? काहीच नाही. आणि काहीच न केल्याबद्दल तिला साडी मिळाली. पेपरात फोटो छापून आला तेव्हा पाड्यावरच्या पोरांनी तो त्यालाच आणून दाखवला. आक्का फोटोत घाबरलेली दिसत होती. त्याने पेपर घडी करून परत दिला, आणि पोरं गेल्यावर मनात म्हणाला, टोपी घातलेला माणूस त्या फोटोत बरा दिसला असता.

फेब्रुवारीत ताईंनी आक्काबाईला केंद्र बघायला बोलावलं. मंगळूला ताप होता. एकटीला शहरात जायची भीती वाटली म्हणून ती खिंड चढून भावाकडे आली.

"दादा, तू चल ना संगं. मला तिथं काय बोलायचं ते कळायचं नाय."

तिला नाही म्हणता आलं नाही. गाडीत ती खिडकीशी बसली आणि वाटभर त्याचा दंड धरून होती.

केंद्रात जाळीचं एक लांबलचक घर होतं. आत कुंड्यांमध्ये खुरासणी उभी, वाळलेली. ताईंनी दोन ओळी दाखवल्या. डावीकडचं वाण जास्त तेलाचं, पण दाणा गळणारं. उजवीकडचंही तेच वाण, पण त्यात बदल केलेला.

"मावशी, तुमच्या झाडात काय वेगळं आहे ते आम्ही शोधलं," ताई म्हणाल्या. "दाण्याच्या बुडाशी एक नाजूक जोड असतो. दाणा पिकला की झाड तो जोड सोडतं. कधी सोडायचा, हे सांगणारं एक जनुक असतं. तुमच्या झाडात त्या जनुकात एके जागी बारीकशी मोडतोड झालीय, आपोआप. म्हणून जोड सुटत नाही. आम्ही या दुसऱ्या वाणात त्याच जागी, तेवढीच मोडतोड मुद्दाम केली. याला जनुक संपादन म्हणतात. बाहेरचं काही घातलं नाही, फक्त तुमच्या झाडाकडून शिकलो. साध्या संकराने हेच करायला आठ-दहा वर्षं गेली असती, आणि जास्तीचं तेलही मधे हरवलं असतं."

"म्हंजे माझ्या झाडाची नक्कल केली," आक्काबाई म्हणाली.

"अगदी तसंच. अजून चाचण्या व्हायच्यात, परवानग्या घ्यायच्यात. हलवून बघा."

आक्काबाईने उजवीकडचं झाड हलवलं. काही पडलं नाही. ती खुदकन हसली, पोरीसारखी. मोतीरामने न सांगता डावीकडचं हलवलं. काळे दाणे टपटप त्याच्या बुटांवर पडले. ताई हसल्या, आक्काबाई हसली, दाराशी उभा असलेला माळीही हसला. मोतीराम वाकून एकेक दाणा वेचत राहिला. बराच वेळ.

निघताना ताई म्हणाल्या, "एक काळजी घ्यायची. खुरासणीचं परागीकरण मधमाश्या करतात. मावशींचं शेत खोऱ्यात एकटं आहे, आसपास दुसरी खुरासणी नाही, म्हणून हे बी शुद्ध राहिलं. शेजारी कोणी साधी खुरासणी पेरली तर माश्या तिचा पराग आणतील आणि बी बिघडेल. मावशी तर त्या दिवसांत निफाडला असतात. मोतीरामदादा, तुमचं तिकडे वजन आहे. खिंडीच्या बाजूला कोणाला पेरू देऊ नका. एवढं तुम्ही बघाल?"

"बघतो की," मोतीराम म्हणाला.

खिंडीच्या उतारावर, आक्काच्या शेतापासून हाकेच्या अंतरावर, मोतीरामचाच एक तुकडा होता. खडकाळ, वर्षानुवर्षं पडीक. श्रावणात त्याने तो नांगरला. सुमनबाईला वाटलं वरई टाकणार असतील. तुंब्यातलं बी तो मोजून काढू लागला तेव्हा ती म्हणाली, "अवो, तिथं नका पेरू. ताई नको म्हणाल्या व्हत्या ना?"

"माझी जमीन हाय. माझ्या आईचं बी हाय. आक्कानं एकटीनंच पेरायचं का?"

ती चुलीकडे वळली. त्या घरात त्याच्या शेतीतल्या शब्दावर बोलायची रीत नव्हती.

दसऱ्यानंतर आक्काबाई आणि मंगळू बोचकी घेऊन निफाडला गेले. त्यानंतर आठवड्याभराने दोन्हीकडे फूल आलं. मोतीराम रोज खिंडीत जाऊन बसे. सातेरी मधमाश्या त्याच्या फुलांवर बसत, पायांना पिवळं पीठ माखून घेत आणि खाली बहिणीच्या रानाकडे जात. तो त्यांच्याकडे टक लावून बघे. पहिल्या दिवशी त्याला एवढं बरं वाटलं की घरी येऊन त्याने बायकोला गूळ मागितला. तिसऱ्या दिवशी त्याला वाटलं, उपटून टाकावं. तो उठलाही. पण मग त्याला तो फोटो आठवला, बुटांवर पडलेले दाणे आठवले, माळ्याचं हसणं आठवलं, आणि तो परत खाली बसला. फूल पूर्ण गळेपर्यंत त्याने काहीही केलं नाही. मग नेहमीसारखी दवात कापणी केली, आणि तुकड्यात धसकटं तेवढी राहिली.

त्या डिसेंबरात आक्काबाईच्या रानात काहीच बिघडलं नाही. झाडं जुन्याच बियांची होती, दाणा धरून उभी होती. मोतीरामला वाटलं, ताईंचं सगळं पुस्तकी. त्याला निराशाही झाली आणि सुटल्यासारखंही वाटलं. माश्यांनी जे आणलं होतं ते दाण्याच्या आत होतं, पुढच्या पेरणीची वाट बघत. हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

पुढच्या डिसेंबरात मंगळू धावत पाड्यावर आला. "दादा, चल. आक्का रानात बसलीय, उठत नाय."

खाली उतरून बघतो तो तीनातलं एक झाड रिकामं. मुळाशी माती काळी झालेली, पाखरांचे थवे उतरलेले. आक्काबाई बांधावर बसून मातीतले दाणे पदरात वेचत होती.

"माझ्या हाताचा गुण गेला रे दादा," ती म्हणाली. "फोटो काढला तवाच मला वाटलं व्हतं. नजर लागली. ताई एवढा जीव लावून येतात, त्यांना काय तोंड दाखवू?"

मोतीराम बांधापाशी आला. हेच तर हवं होतं ना आपल्याला? तो तिच्या शेजारी बसून दाणे वेचू लागला.

चार दिवसांनी ताई आल्या. त्यांनी दाणा गळालेली झाडं मोजली, पानं पाकिटांत भरली, बरोबरच्या ज्ञानेश नावाच्या मदतनिसाला खुणा लावायला सांगितलं. सगळे बांधावर उभे होते.

"मावशी, तुमच्या हाताचा गुणबिण काही गेलेला नाही," त्या म्हणाल्या. "पराग बाहेरून आलाय, गेल्या वर्षीच. घाबरू नका, तुमचं मूळ बी आमच्याकडे शीतगृहात जपून ठेवलंय, आमच्या कामाला काही धक्का नाही. पण हे रान नासलं. गेल्या वर्षी खिंडीच्या बाजूला कोणी खुरासणी पेरली होती का?"

त्यांचा चेहरा मोतीरामकडे वळला. काम त्याच्यावरच सोपवलं होतं.

तो तोंड उघडायच्या आत आक्काबाई म्हणाली, "नाय ताई. तिकडं कोण पेरतंय. नुसता खडक हाय तिथं."

मोतीरामने तिच्याकडे बघितलं. ती समोर बघत होती. एका क्षणात त्याला कळलं. गेल्या वर्षी निफाडहून परतताना ती खिंडीतूनच आली होती. धसकटं तिने पाहिली होती. जमीन कोणाची हे लहान पोरालाही ठाऊक होतं. ताईंचं आत्ताचं बोलणं ऐकताच दोन्हीची सांगड तिला लागली असणार, आणि लागता लागताच तिने भावाला पाठीशी घातलं होतं.

आणि त्याला काय वाटलं? लाज वाटायला हवी होती, ती मागाहून वाटली. आधी त्याच्या आत तीच जुनी कळ उठली. इथेही हीच वरचढ! बी हिचं चांगलं, आणि आता मनही हिचंच मोठं. ते त्याला सोसेना.

"मी पेरली व्हती," तो मोठ्याने म्हणाला. "मुद्दाम पेरली. ती दोघं निफाडला असताना."

मंगळूचा विळा हातातच राहिला. ज्ञानेश खाली बघू लागला. ताई ओरडल्या असत्या तर त्याला चाललं असतं. त्यांनी वही उघडली.

"किती गुंठे?"

"चार."

"फूल कधी आलं?"

"दसऱ्यानंतर आठवड्यानं."

"इथून अंतर किती?"

त्याने हाताने दाखवलं. त्यांनी लिहून घेतलं, वही मिटली आणि म्हणाल्या, "पुढल्या वर्षापासून शेतकऱ्यांच्या रानात आमच्या काही चाचण्या घ्यायच्यात. त्यातला एक प्लॉट तुमच्याकडे द्यायचा माझा विचार होता, दादा. तुमच्याइतका काटेकोर माणूस इकडे दुसरा नाही. आता नाही देता येणार." एवढंच बोलून त्या जीपकडे गेल्या.

जीप वळणाआड गेल्यावर आक्काबाई उठली. पदरातले दाणे तिने टोपलीत ओतले.

"तुला काय कमी व्हतं रे?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पाड्यावर तुझा मान, भात तुझं, तेल तुझं. मी कधी काय मागितलं? एक गोष्ट माझ्या पदरात पडली तर ती पण तुला बघवली नाय."

"आक्का..."

"बोललास ते बरं केलंस. मी खोटं बोलले, ते माझ्याच्यानं पेललं नसतं. पण आता घरी जा."

तो गेला. त्या संक्रांतीला त्याने तेलाची बाटली पाठवली, ती मंगळूच्या आईने तशीच परत पाठवली. होळीला आक्का आली नाही. लग्नकार्यात समोर आली तरी वहिनीशी बोले, त्याच्याशी नाही. पाड्यावर गोष्ट पसरायची ती पसरलीच. माणसं ओसरीवर यायची कमी झाली. जी येत ती पीकपाण्याचं विचारत, पण खुरासणीचं नाव काढत नसत. ताईंचा चाचणीचा प्लॉट दुसऱ्या गावच्या किशोर नावाच्या तरुण शेतकऱ्याला मिळाला. त्याच्या बांधावर पाटी लागली. मोतीराम बाजाराला जाताना मुद्दाम त्या वाटेने जाई आणि किशोरने पेरणी किती दाट केलीय ते बघून मनातल्या मनात चुका काढी.

जूनमध्ये ताईंनी आक्काबाईला शीतगृहातलं मूळ बी आणून दिलं. पाऊस स्थिरावल्यावर, सांडलेल्या दाण्यांतून उगवलेली रोपं नांगरून मोडून तिने ते पेरलं. एका सकाळी मोतीराम खोऱ्यात उतरला, अंगणाबाहेरच उभा राहिला आणि मंगळूला म्हणाला, "तुमी निफाडला गेल्यावर राखण मी करतो. खिंडीत, रस्त्याच्या कडेला कुठंबी खुरासणीचं झाड उगवलं तर फूल यायच्या आत उपटतो. आक्काला विचार, चालंल का."

मंगळू आत गेला. मग तो बाहेर येऊन म्हणाला, "रोज फोन करून सांगायचं, म्हणतीय. एक दिवस नाय चुकवायचा."

दसऱ्यापासून तो रोज निघे. नासलेल्या वर्षाचे दाणे पाखरांनी, पाण्याने कुठे कुठे नेले होते. ओढ्याच्या काठाला, बांधाच्या फटीत, रस्त्याच्या खडीत एखादं झाड डोकं काढी आणि तो ते मुळासकट उपटे. आक्काच्या रानाला वळसा घालताना त्याची नजर हटकून तिच्या पिकावर जाई. झाडं कमरेला लागत होती. आपल्यापेक्षा दाट आहेत, हे त्याच्या मनात आल्याशिवाय राहत नसे, आणि आलं की आत बारीक टोचे. त्याने त्या टोचण्याशी भांडणं सोडून दिलं होतं.

फोनला रेंज फक्त खिंडीच्या माथ्यावर यायची. तिथे दगडावर उभं राहून तो नंबर लावी.

"आज तीन झाडं काढली. ओढ्याकडची."

"बरं," पलीकडून आक्काबाई म्हणे आणि फोन ठेवी.

"आज काय नव्हतं."

"बरं."

असं सतरा-अठरा दिवस चाललं. एकोणिसाव्या दिवशी त्याने सांगितलं, "आज एक निघालं, रस्त्याच्या मोरीपाशी. कळी व्हती, उमलली नव्हती."

"बरं," ती म्हणाली. त्याने फोन कानापासून काढला, पण तो बंद झाला नव्हता. तिच्या मागे बागेत कुणीतरी बायांना हाका मारत होतं, फवारणीचं यंत्र घरघरत होतं.

"दादा."

"आं?"

"हितं सकाळपासून ढग आल्यात. बागायतदार घाबरलाय, घडांवर भुरीचा रोग येईल म्हणतो. तिकडं पडतोय का रे?"

मोतीरामने वर बघितलं. "नाय," तो म्हणाला. "हिकडं कोरडं हाय. पण वारा फिरलाय. वहिनी म्हणत व्हती, तुझ्या सासूचं भात आज आवरून घ्यायचं. आमी दोघं जातो आत्ता."

"तिची कंबर दुखती. तिला वाकू देऊ नको."

"नाय देत."

"बरं," आक्काबाई म्हणाली, आणि मग निफाडच्या ढगांचं, मंगळूच्या खोकल्याचं, बागेतल्या नव्या मुकादमाचं सांगत राहिली.